पडणाऱ्या वस्तूंची शाब्दिक उदाहरणं आणि अवयव पद्धत

वर फेकलेली किंवा नुसती सोडलेली वस्तू जमिनीवर कधी येईल हे वर्गसमीकरण मांडून, अवयव पाडून काढायचं, हवेचा अडथळा धरायचा नाही. यातला वेळेचा वर्ग गॅलिलिओचा. पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे त्याच्या १६३८ च्या ग्रंथात आहे, पण तिथे सगळं प्रमाणाच्या भाषेत, समीकरण नाही.

सगळी पदं एका बाजूला आणून अवयवांचा गुणाकार शून्याइतका मांडायचा ही कल्पना कोणाची यावर मात्र जुना वाद आहे. अल-ख्वारिझ्मी (साधारण इ.स. ८२०) आणि श्रीधराचार्य पूर्ण वर्ग करून मुळं काढतात, म्हणजे ती वाट वेगळी. उरतात इंग्रज गणिती थॉमस हॅरियट आणि फ्रेंच गणिती देकार्त. हॅरियट १६२१ मध्ये वारला, त्याचं बीजगणित छापलं गेलं १६३१ मध्ये आणि देकार्तचं १६३७ मध्ये, दोघंही अवयवांचा गुणाकार करून समीकरण तयार करतात, त्यावरून इंग्रज गणिती वॉलिसने १६८५ मध्ये देकार्तवर उचलेगिरीचा ठपका ठेवला. तो ठपका जरा जास्तच वाटतो, पण आधीचा मान हॅरियटला देणंच बरं. वाईट एवढंच की त्याच्या हस्तलिखितांत ऋण मुळं होती आणि छापताना संपादकांनी ती गाळली. देकार्त त्यांना ‘खोटी’ मुळं म्हणतो.

आणि या उदाहरणांत खरी गंमत त्या ऋण मुळातच आहे. २० मीटर उंचावरून बॉल सेकंदाला १५ मीटर वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वीय त्वरण १० धरलं आणि जमिनीवर यायला लागणारे सेकंद क्ष मानले, तर −५क्ष² + १५क्ष + २० = ०, −५ ने भागून क्ष² − ३क्ष − ४ = ०. मधलं पद −४क्ष + क्ष असं फोडलं की (क्ष − ४)(क्ष + १) = ०, उत्तर ४ सेकंद. −१ वर आपण काट मारतो, वेळ ऋण नसते म्हणून, पण त्याला अर्थ आहे: हाच बॉल एक सेकंद आधी जमिनीवरून २५ च्या वेगाने उडवला असता तर फेकायच्या क्षणी बरोबर त्याच उंचीवर, त्याच वेगात असता, आणि खाली आदळतानाही वेग २५ च येतो. हे वर्गात सांगायलाच हवं.

त्वरण ९.८ धरलं तर आकडे ४.९ च्या पटीत निवडावे लागतात (वेग २४.५, उंची २९.४ घेतली की उत्तर ६), फुटांत १६ च्या पटीत. विवेचक (अक्ष² + बक्ष + क = ० मध्ये ब² − ४अक) पूर्ण वर्ग नसला की पूर्णांकी अवयव पडत नाहीत, तिथे वर्गसमीकरणाचं सूत्र वापरतात.