क्यूआर कोडची कार्डं छापायला देण्याआधी
(प्रदर्शनात हाताने बनवलेल्या वस्तू मांडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

वस्तूशेजारी कोडचं कार्ड का लावायचं आणि ते स्कॅन कसं होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. हे पत्रक एकाच प्रश्नापायी काढावं लागलं. कोडमध्ये घालायची तुमच्या पानाची किंवा फोटोंची लिंक तुम्ही पाठवलीत की आम्ही विचारतो, "दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहिलीत का?" बऱ्याच जणांना हा प्रश्न उगाचचा वाटतो. "माझ्याकडे उघडतेय की!" असं उत्तर येतं. घोळ नेमका तिथेच होतो.

एका प्रदर्शनात आम्ही हे समोर घडताना पाहिलं. निळी झिलई दिलेली मातीची वाटी होती आणि शेजारी आम्हीच छापलेलं कार्ड. एका बाईंनी फोन धरला, कोड क्षणात वाचला गेला आणि पडद्यावर आलं, ‘हे पाहण्यासाठी परवानगी मागा.’ त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं, फोन पर्समध्ये टाकला आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या. वाटी घडवणाऱ्या ताईंनी आपल्या फोनवर तोच कोड स्कॅन केला, तर माती मळण्यापासून भट्टीपर्यंतचे सगळे फोटो व्यवस्थित उघडले. फोटो त्यांच्याच खात्यात आणि फोनही त्याच खात्यात लॉगिन केलेला, मग उघडणारच! बाकी कुणाला ते दिसत नव्हते आणि आदल्या दिवसापासून त्यांना याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवशी शेअरिंगची सेटिंग बदलून काम भागलं. दर वेळी भागत नाही. फोल्डर हलवलं, जुनी फाइल काढून नवी चढवली किंवा पानाचा पत्ता बदलला, की छापलेली सगळी कार्डं वाया. कारण साध्या कोडमध्ये लिंकची अक्षरंच काळ्या-पांढऱ्या चौकोनांत बसवलेली असतात. कागदावर छापलेलं जसं नंतर खोडून बदलता येत नाही, तसंच हे. पुन्हा छापायचं म्हणजे तुमचा खर्च, शिवाय उद्घाटनाच्या आदल्या रात्री आमचीही धावपळ.

म्हणून आमचा नियम असा: लिंक दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडा आणि तसं आम्हाला कळवा, मगच छपाई सुरू होईल. दुसरा फोन जवळ नसेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडून पाहा. तिथे तुमचं खातं लॉगिन नसतं, त्यामुळे परक्या माणसाला काय दिसेल ते बरंचसं कळतं. यात तुमची दोन मिनिटं जातात हे खरं. पण त्यानंतर आम्हीही आमच्या फोनवर तपासतो आणि नमुना कार्ड छापून पुन्हा स्कॅन करतो. घाई कितीही असली तरी हे आम्ही टाळत नाही.

मजकूर पुढे बदलणार हे आधीच माहीत असेल, तर बदलता कोड घ्या. त्यात आमचा एक छोटा पत्ता असतो आणि तिथून पाहणारा तुमच्या पानावर जातो. पान बदललं तर आम्ही जोडणी बदलतो, कार्ड तेच राहतं. मात्र मधला दुवा बंद पडला तर कोडही बंद पडतो, हे लक्षात घ्या. फुकट बदलता कोड देणाऱ्या काही सेवांची मुदत संपली की नेमकं हेच होतं, आणि मग आमच्याकडे फोन येतात. ज्यांचं स्वतःचं कायमचं वेबपान आहे त्यांना आम्ही साधा कोडच सुचवतो.

आता छपाईचं थोडक्यात. कोडचा स्क्रीनशॉट पाठवू नका, लिंक पाठवा, कोड आम्ही करतो. शक्य तितकी छोटी लिंक द्या. कोडची जाळी 21 गुणिले 21 चौकोनांपासून 177 गुणिले 177 पर्यंत वाढत जाते. लिंक जितकी लांब तितके चौकोन बारीक आणि वाचायला अवघड. मापाचा आमचा ढोबळ हिशेब अंतराच्या दहाव्या भागाचा: 30 सेंटिमीटरवरून स्कॅन होणार असेल तर 3 सेंटिमीटरचा कोड. भोवतीची पांढरी कड म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. किमान चार चौकोनांइतकी कड लागतेच. तिच्यावर वेलबुट्टी काढली किंवा ती कापली की फोन अडखळतो.

"मधोमध आमचं चिन्ह बसेल का?" बसेल, पण लहान. हा कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यात मळ आणि डाग लागणारच, म्हणून थोडा भाग झाकला गेला तरी तो वाचता यावा अशी सोय त्यात आहे. ही सोय कमी-जास्त ठेवता येते; सगळ्यात वरच्या पातळीवर कोडचा सुमारे 30 टक्के भाग झाकला तरी तो वाचला जातो. चिन्हापायी ती सगळी खर्च केली, तर कार्डावर पडलेल्या ओरखड्यासाठी काही उरत नाही. कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांना मात्र हात लावायचा नाही.

पानावर काय ठेवायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. आमचा अनुभव एवढाच, की लोक आधी हातांचे फोटो पाहतात आणि मग वस्तू धुवायची-जपायची कशी ते विचारतात. फोटो हलके ठेवा, गर्दीच्या हॉलमध्ये नेटवर्क मंदावतं. वस्तूचं नाव, किंमत आणि तुमचं नाव कार्डावर अक्षरांत छापाच. प्रत्येक जण फोन काढतोच असं नाही. कोडखाली नुसतं ‘स्कॅन करा’ लिहिण्यापेक्षा ‘ही वाटी कशी घडली ते पाहा’ असं लिहा. ओळ सुचत नसेल तर आम्ही लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ऑर्डर देताना लिंकसोबत कार्ड कुठे ठेवणार तेही कळवा. काचेच्या कपाटात किंवा थेट दिव्याखाली असेल तर आम्ही मॅट कागद वापरतो, चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही. आणि स्टिकर वाटीच्या गोल अंगावर लावायचा विचार असेल तर तो सोडा. त्यापेक्षा दोऱ्याने बांधायचा सपाट टॅग घ्या, तो वस्तूसोबत घरीही जातो.