तिरकी लिफ्ट आणि कानातले खडे

लिफ्टमधून आपण वर जातो तेव्हा एक गोष्ट मनात पक्की धरून चाललेली असते: खाली जिथे शिरलो, त्याच्या नेमकं डोक्यावर बाहेर पडणार. सातव्या मजल्यावर दार उघडलं की चौकीदाराची खुर्ची बरोब्बर पायाखाली सात मजले, हे कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेत लास व्हेगासमध्ये एक हॉटेल आहे, जिथे ही समजूत पहिल्याच फेरीत मोडते. त्याचं नाव लक्सर.

वेल्डन सिम्पसन या वास्तुरचनाकाराचं हे हॉटेल ऑक्टोबर १९९३मध्ये सुरू झालं. काळ्या काचेचा ३० मजली पिरॅमिड, उंची सुमारे १०७ मीटर, दाराशी स्फिंक्सचा भव्य पुतळा. आत खोल्या आहेत त्या चार तिरप्या भिंतींना चिकटून. मधली सगळी जागा पोकळ आणि तिच्या तळाशी कॅसिनो. खोलीचं दार उघडून बाहेर आलात की समोर कठडा, आणि कठड्यापलीकडे ती प्रचंड पोकळी. खोलीतली खिडकीही तिरकी, कारण बाहेरची भिंतच आत झुकलेली आहे.

आता अशा इमारतीत लिफ्ट कुठे बसवायची? तळमजल्याच्या कोपऱ्यात सरळ उभा शाफ्ट घेतला, तर तो एक-दोन मजल्यांतच भिंत फोडून उघड्यावर येईल. शेंड्याखाली, अगदी मधोमध घेतला, तर वरच्या मजल्यांचं भागेल, पण खालच्या मजल्यांच्या खोल्या तिथून लांब राहतील आणि दर मजल्याला पोकळीवरून पूल टाकत बसावं लागेल. मग एकच वाट उरते. पिरॅमिडच्या चार कडा तळापासून शेंड्याकडे जातात आणि प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्याला शिवून जातात. लिफ्टने त्याच कडेने, तिरकं चढायचं. लक्सरमध्ये या लिफ्टला 'इनक्लिनेटर' म्हणतात, आणि तिचा चढ आहे ३९ अंशांचा.

पिरॅमिडच्या बाजूपेक्षा त्याची कड नेहमी कमी चढाची असते, हे इथे कामी येतं. पुठ्ठ्याचा पिरॅमिड करून कंपास पेटीतल्या कोनमापकाने मोजून पाहा. गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडची बाजू जवळजवळ ५२ अंशांनी चढते, कड मात्र ४२ अंशांनी. डोंगरावरची पायवाट थेट न चढता आडवी चढावी, तसंच हे.

३९ अंशांचा अर्थ काय होतो ते जरा हिशोबात पाहू. एक मीटर वर जायला लिफ्ट रुळावरून सुमारे १.६ मीटर धावते, आणि तेवढ्यात १.२ मीटरहून जास्त आडवी सरकते. म्हणजे ती वर कमी जाते आणि बाजूला जास्त! एक मजला तीन मीटरचा धरला, तर २० मजले चढेपर्यंत तुम्ही जवळजवळ ७४ मीटर इमारतीच्या मध्याकडे सरकलेले असता. डब्याची जमीन मात्र सपाटच असते, कारण डबा तिरक्या सांगाड्यावर आडवा बसवलेला असतो. त्यामुळे डोळ्यांना या सरकण्याची काहीच खबर नसते.

साध्या लिफ्टमध्ये डब्याचं वजन दोरांवर असतं, बाजूचे रूळ फक्त त्याला सरळ ठेवतात. तिरक्या लिफ्टमध्ये ही वाटणी बदलते. १,००० किलोच्या डब्याला उतारावर धरून ठेवायला दोरावर सुमारे ६३० किलोचा ताण लागतो आणि रुळांवर सुमारे ७८० किलोचा भार पडतो. (बेरीज १,००० होत नाही, कारण ही दोन बळं वेगवेगळ्या दिशांना आहेत.) म्हणून इथे खरी चाकं लागतात, भार पेलणारे रूळ लागतात, आणि लांबलचक दोर स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ धरू नये म्हणून त्याला आधार द्यावा लागतो. नाशिकजवळ सप्तशृंगी गडावर २०१८पासून चालणाऱ्या फनिक्युलर ट्रॉलीचं (दोराने ओढली जाणारी, रुळांवरून डोंगर चढणारी गाडी) गणितही याच घरातलं. आयफेल टॉवरच्या पायांमधल्या लिफ्टची अडचण याहून बिकट होती, कारण तिथे वर जाता जाता चढाचा कोनच बदलत जातो. १८८९मध्ये टॉवर खुला झाला तेव्हा लिफ्ट तयार नव्हत्या आणि पहिल्या प्रेक्षकांना जिने चढावे लागले, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या लिफ्टमध्ये आपल्या शरीराचं जे होतं ते. आपल्या अंतर्कर्णात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. डोकं कललं की ते घसरू पाहतात, खालच्या पेशींचे केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण कललो. गाडीने अचानक वेग घेतला तरी हेच खडे तसेच मागे राहतात. नुसत्या या खड्यांच्या भरवशावर मेंदूला कलणं आणि वेग घेणं यांतला फरक सांगता येत नाही, एरवी तो डोळ्यांची मदत घेतो. रात्री उड्डाण करताना बाहेर काहीच दिसत नसेल, तर वेग घेणाऱ्या विमानाचं नाक नको तितकं वर उचललं गेलंय असा वैमानिकाला भास होतो. तो नाक खाली दाबतो, आणि यातून जीवघेणे अपघात झाले आहेत.

लिफ्टमधला भास निरुपद्रवी, पण जातीने तोच. डबा सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवू लागला, तर जमीन दोनएक अंश कलल्यासारखी वाटते. लोकल सुटताना उभे प्रवासी एका बाजूला झुकतात तसं इथेही होतं. फक्त लोकलमध्ये ते अपेक्षित असतं, लिफ्टमध्ये नसतं. म्हणूनच तिरकी लिफ्ट दमाने सुटावी आणि दमाने थांबावी लागते. तिचा आपत्कालीन ब्रेकही अंगावर धसका देणारा असून चालत नाही, नाहीतर माणसं भिंतीवर आदळतील.

एकदा वेग स्थिर झाला की कानातले खडे गप्प होतात. मन मात्र जुन्या सवयीने नोंद करतं, 'सरळ वर आलो'. दार उघडतं, आणि मनातला नकाशा ७४ मीटरांनी चुकलेला असतो. त्यात चारही बाजू एकसारख्या, चारही कोपरे एकसारखे. वर जावं तसे कॉरिडॉर आखूड होत जातात, २० मजल्यांत प्रत्येक बाजू साधारण १०० मीटरनी कमी होते. त्यामुळे चुकीच्या कोपऱ्यातून चढलात तर वरच्या मजल्यावर थोडक्यात सुटाल, खालच्या मजल्यावर बॅग ओढत चांगलीच रपेट होईल. आपला कोपरा स्फिंक्सच्या दाराकडून कितवा, हे तळमजल्यावरच लक्षात ठेवलेलं बरं.

आणि दिशा ओळखायची एक खूण लिफ्ट स्वतःच देते. चाकांची बॅग डब्यात मोकळी सोडून पाहा. तळमजल्यावरून वर निघताना ती इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ढकलली जाते. वरून येऊन तळमजल्यावर थांबतानाही बाहेरच्याच बाजूला, कारण दोन्ही वेळा डब्यावरचं बळ वर आणि आत, एकाच दिशेला असतं. तुमच्या मजल्यावर याच्या उलट: पोहोचताना आणि निघताना, दोन्ही वेळा बॅग मध्याकडे, त्या पोकळीच्या दिशेला सरकू पाहते.