आहार सहायकाचे काम ताटे वाटण्यापुरतेच असते का?

‘रुग्णालयातील आहार सहायक म्हणजे ताटे पोहोचवणारा माणूस, त्या नोकरीत शिकण्यासारखे काही नाही आणि पुढे वाढही नाही,’ असा समज सोलापुरात वर्षानुवर्षे ऐकू येतो. वॉर्डात फिरणारी ताटांची गाडी सर्वांना दिसते, तिच्यामागचे काम दिसत नाही. त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे.

आहारतज्ज्ञांनी ठरवलेला आहार प्रत्यक्ष ताटात उतरतो की नाही, हे सहायक पाहतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचे दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट छोट्या चमचाभराच्या आत ठेवायचे असेल, तर घरून आलेल्या शेंगाचटणीतले मीठही त्यातच धरावे लागते. हे ओळखून आहारतज्ज्ञांना कळवणारा, ताटात काय उरले याची नोंद ठेवणारा आणि स्वयंपाक्यांना पीठ मोजून भाकरी करायला शिकवणारा सहायक, पद लहान असले तरी, नेतृत्वच करत असतो. (कडक भाकरी वाळल्यामुळे हलकी भरते, हे ठाऊक नसेल तर भाकरीच्या वजनावरून केलेला आहाराचा हिशेब हमखास चुकतो.)

या समजात एक अंश मात्र खरा आहे. केवळ अनुभवावर सहायकाचा आहारतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी साधारणपणे आहारशास्त्रातील पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण लागते. स्वयंपाकघराची देखरेख, अन्नसुरक्षा आणि नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या वाढीच्या वाटा आहारतज्ज्ञ होण्याहून वेगळ्या आहेत.

पडताळणीसाठी भरतीच्या जाहिरातींतील पात्रता आणि कर्तव्ये वाचावीत, तसेच बढतीचे नियम त्या त्या रुग्णालयाच्या आस्थापना विभागात विचारावेत.