तालीम (कोल्हापूर परिसर)

तालीम : कुस्तीच्या सरावाची जागा, तिथला मातीचा हौद आणि त्याभोवती जमलेले मंडळ या तिन्हींना कोल्हापुरात एकच शब्द आहे. पेठेतली तालीम आणि खेड्यातली तालीम यांत इमारत, खुराक व मल्लांची संख्या यांचा फरक दिसतो. शिस्त, डावांची नावे आणि माती मात्र दोन्हीकडे सारखीच.

शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवण. नाटकाची तालीम म्हणताना तोच अर्थ शिल्लक आहे. संस्थेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यास स्थापिलेल्या अकरा मारुतींभोवती बलोपासनेची ही परंपरा वाढली. त्यांपैकी मनपाडळे व पारगाव ही स्थाने कोल्हापूर जिल्ह्यातलीच. दुसरे मत शब्दाच्या फारसी-अरबी वळणावर बोट ठेवून तालमीचा संबंध दख्खनच्या सुलतानशाहीतील लष्करी कवायतीशी जोडते. हौदाशेजारी मारुती असतो एवढ्यावरून पहिले मत सिद्ध होत नाही, आणि केवळ शब्दावरून दुसरेही नाही. मल्लविद्या जुनी, तिला मिळालेले नाव नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पेठापेठांतील आजची रचना मात्र राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) बळावली, याविषयी फारसा वाद नाही. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. तिथे पाहिलेल्या रोमच्या प्रेक्षागाराचा प्रभाव खासबाग मैदानाच्या बांधणीवर असल्याचे सांगतात. हे मैदान १९१२ च्या सुमारास पुरे झाले.

तालमीचा जीव हौदात. जुन्या तालमींची बांधणी दगडी, भिंती जाड, दार ठेंगणे आणि झरोके मोजके असतात. वाकून आत जावे लागते ते मारुतीला नमस्कार म्हणून, असे सांगतात. पण वारा थेट आत न आल्याने मातीची ओल टिकते आणि घामेजलेले अंग एकदम गार पडत नाही, हेही खरे कारण असावे. २० × २० फुटांचा हौद दीड फूट भरायचा तर ६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते, म्हणजे ट्रॅक्टरच्या सुमारे सहा ट्रॉल्या. माती तांबडीच हवी. पंचगंगाकाठची काळी माती ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकळे धरते. त्यामुळे काळ्या रानातल्या गावालाही शहराप्रमाणेच पश्चिमेच्या डोंगराळ भागातून माती आणावी लागते.

आणलेली माती उन्हात वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळतात. एखादा खडा राहिला तरी गुडघा फुटतो. मग तीत ताक, गोडे तेल, लिंबाचा रस, हळद, काव (तांबडी गेरूसारखी माती) आणि कापूर कालवतात. प्रमाण प्रत्येक वस्तादाचे वेगळे. तेलाने धुरळा बसतो, ताकाने माती मऊ पडते, काव रंग व गारव्यासाठी, हळद-लिंबू खरचटलेल्या अंगाला बाधू नये म्हणून, अशी समजूत आहे. पुढचे काम रोजचे : खोऱ्याने हौद उकरायचा, पाण्याचा हबका मारायचा, फळी ओढून सपाट करायचा. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, ही ओलीची परीक्षा. चार दिवस उकरले नाही तर माती दगडासारखी बसते. मग ढाक किंवा धोबीपछाड यांसारखा उचलून आपटण्याचा डाव अंगावर आला की खांदा नाहीतर गळपट्टीचे हाड जाते. पावसाळ्यात उलटी अडचण. कोल्हापूरच्या लांबलेल्या पावसात माती सुकत नाही, गजकर्ण पसरते. अंगावर चट्टा दिसला की जाणता वस्ताद त्या पोराला हौदाबाहेर ठेवतो.

दिनक्रम पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो : जोर, बैठका, मग लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. लढतीनंतर अंगावर माती चोळून घाम जिरवतात, लगेच पाणी ओतत नाहीत. खुराकात दूध, तूप, मटण आणि बदाम-खसखस-बडीशेप-मिरी वाटून केलेली थंडाई.

गाव-शहराची खरी देवाणघेवाण इथे दिसते. पोरगा गावच्या हौदात पट काढायला (पाय धरून पाडण्याचा डाव) शिकतो, अंग धरू लागले की वस्ताद त्याला मोतीबाग, गंगावेश किंवा शाहूपुरी तालमीत पाठवतो. त्याचा डबा आणि तूप गावाकडून येते. धारोष्ण दुधासाठी गंगावेशीचा कट्टा आहे, तिथल्या म्हशीही बहुधा आसपासच्या खेड्यांतल्याच. जत्रेचा हंगाम आला की प्रवाह उलटतो. शहरातले मल्ल गावोगावच्या मैदानांत उतरतात. हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर लहान पोरांच्या कुस्त्या आधी होतात, मग इनामाच्या चढत्या क्रमाने जोड्या लागतात, शेवटची नंबर एकची. जोड हेरून लावणे हे पंचांचे मोठे काम. वजन जुळले पण मेहनत जुळली नाही, तर एक तर कुस्ती दोन मिनिटांत संपते, नाहीतर तासभर नुसती खडाखडी (डाव न टाकता हातझटापट) चालून लोक ओरडू लागतात.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या घडणीत कोल्हापूरचा वाटा मोठा. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे यांची कारकीर्दही इथल्याच हौदात घडली. स्पर्धा गादीवर गेल्यापासून बऱ्याच तालमींत हौदाशेजारी मॅट आली आहे. मातीत चितपटाला महत्त्व, मॅटवर गुणांना. त्यामुळे मातीत दम धरून लढणारा मल्ल मॅटवर पहिल्या मिनिटांतच गुण गमावतो, ही वस्तादांची नेहमीची तक्रार.

तालीम केवळ कुस्तीची नव्हे. गणपती, मोहरमचे पंजे आणि शहरात फुटबॉल हेही तिच्याच नावाने चालते : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. नावात तालीम असलेल्या प्रत्येक मंडळात आज हौद सापडेलच असे नाही. मुलींचा सराव मुख्यतः मॅटवर होतो. कागल तालुक्यातील मुरगूड हे त्याचे एक केंद्र.