ऐन: एका झाडाला इतकी नावं कशी पडली

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सागाच्या जोडीनं काळपट बुंधे दिसतात. उभ्या-आडव्या खोल भेगांनी सालीवर चौकटी पडलेल्या असतात, अगदी मगरीच्या पाठीसारख्या. हा ऐन. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारत आणि सह्याद्रीपर्यंत, पूर्वेला म्यानमार, थायलंड ते व्हिएतनामपर्यंत तो पानगळीच्या जंगलात आपणहून वाढतो. सागाला न मानवणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण मातीतही तग धरतो.

नावांचा घोळ मात्र जुना आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनोवनं १८०६ मध्ये त्याला टर्मिनॅलिया या प्रजातीत घालून टर्मिनॅलिया इलिप्टिका म्हटलं. रॉक्सबर्गनं फळाचे पाच पंख पाहून पेंटाप्टेरा ही वेगळी प्रजाती मानली आणि पानावरच्या लवेवरून टोमेंटोसा नाव दिलं. १८२१ मध्ये रोथनं क्रेन्युलाटा आणि अलाटा अशा दोन जाती मांडल्या. १८३४ मध्ये वाइट आणि आर्नॉट यांनी टोमेंटोसाला टर्मिनॅलियात आणलं. आज ही सगळी एकच जाती धरून इलिप्टिका हे नाव वापरतात. जुन्या वननोंदींत टोमेंटोसा सापडेल.

घोळाचं मूळ लवेत आहे. कोवळं पान लवदार असतं, जून झालं की लव झडते, आणि प्रदेशागणिकही ती कमी-जास्त असते. त्यात ठाणे जिल्ह्यातला ऐन पिढ्यान्‌पिढ्या राबासाठी तोडला गेला. राबात भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, वाळलेला टहाळ, गवत आणि वर माती असे थर देऊन पावसाआधी भाजतात. तणाचं बी जळतं, राख खत होते. राखीव जंगलात टहाळ तोडण्यावर बंधनं आली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. छाटलेल्या ऐनाला नवे लवदार धुमारे फुटतात, म्हणून नुसत्या पानावरून जात ठरवणं धोक्याचं.

फळ बघावं. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख, आणि पंखावरच्या रेघा सरळ कडेपर्यंत जातात. ऐनाच्याच प्रजातीतल्या अर्जुनाचे पंख अरुंद, रेघा वर वळलेल्या. शिवाय साल गुळगुळीत, पांढुरकी. त्याच प्रजातीतल्या किंजळीच्या इवल्या फळाला एक पंख मोठा, दोन लहान. उन्हाळ्यात झाड उघडं पडलं तरी गळलेली सुकी फळं बुंध्याशी मिळतात. ती पहिल्या पावसाआधीच वेचावीत. भिजून पंख कुजले की रेघा दिसत नाहीत.