स्क्विडमधल्या फ्लक्स-खरखरीचा माग

वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत गोठली. ती आजही वाचता येते. एवढे क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या उत्तम यंत्रांच्या पोटात स्क्विड असतो, म्हणजे अतिसंवाहक (विजेला शून्य रोध असणाऱ्या) धातूचे कडे आणि त्यात दोन जोसेफसन जोड (दोन अतिसंवाहकांमधले अतिपातळ अडथळे). फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये तो पहिल्यांदा चालला. कड्यातला फ्लक्स, म्हणजे कड्यातून जाणारे एकूण चुंबकीय क्षेत्र, २.०७ फेम्टोवेबरच्या क्वांटमने (अविभाज्य एककाने) मोजतात, आणि चांगला स्क्विड त्याच्या दशलक्षांशाएवढा बदलही टिपतो. पण दगडातले चुंबकत्व कोट्यवधी वर्षे जागचे हलले नाही, तसे या कड्याच्या पृष्ठभागाचे नाही.

मोजायच्या बदलाची वारंवारता जसजशी कमी होते तसतशी स्क्विडची खरखर, म्हणजे मोजमापातला नकोसा गोंगाट, वाढते. हीच १/एफ खरखर (एफ म्हणजे वारंवारता). १९८३ मध्ये जॉन क्लार्क यांच्या बर्कलेतल्या गटाने तिचे दोन भाग वेगळे केले. जोडाचा क्रांतिक प्रवाह (विनारोध जाऊ शकणारा कमाल प्रवाह) डगमगतो, त्यातून येणारा भाग बायसची (स्क्विडला दिलेल्या प्रवाहाची) दिशा ठरावीक वेगाने उलटवून काढता येतो. दुसरा भाग फ्लक्सचा. तो बायस उलटवून जात नाही, कारण मोजायच्या खऱ्या फ्लक्सपासून तो वेगळा ओळखूच येत नाही.

१९८७ मध्ये वेलस्टूड, उर्बिना आणि क्लार्क यांनी १ केल्व्हिनखाली वेगवेगळी कडी तपासली. १ हर्ट्झला खरखर साधारण ५ ते १० मायक्रो-क्वांटम (क्वांटमचे दशलक्षांश) प्रति वर्गमूळ हर्ट्झ. कड्याचे क्षेत्रफळ बदला, धातू बदला, आकडा तिथेच घुटमळे. बाहेरचे क्षेत्र डळमळत असते तर मोठ्या कड्यात खरखर क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाढली असती. या संपूर्ण कथेतला सर्वांत मोलाचा पुरावा हाच, असे आम्हाला वाटते. म्यू-मेटलचे (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे) कवच कितीही जाड केले तरी उपयोग का होत नाही, हे त्यातून कळते.

क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूळ घटक, आले आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. २००६ मध्ये जपानमधल्या गटाने फ्लक्स क्यूबिटची (फ्लक्सवर चालणाऱ्या क्यूबिटची) कला, म्हणजे त्याच्या क्वांटम तरंगाची लय, याच खरखरीने बिघडते हे दाखवले. पुढच्याच वर्षी कोख, डिव्हिन्सेन्झो आणि क्लार्क यांनी हिशेब मांडला: पृष्ठभागावर दर दोन चौरस नॅनोमीटरला एक एकटा इलेक्ट्रॉन-स्पिन (जोडीविना इलेक्ट्रॉनचा इवलासा चुंबक) असला, की आकडा जुळतो. २००८ मध्ये सेंडेलबाख व सहकाऱ्यांनी मिलिकेल्व्हिनला स्क्विडमधला फ्लक्स तापमानाच्या व्यस्त प्रमाणात वाढताना पाहिला. मोकळ्या स्पिनांची ही ओळखच. घनताही जवळपास तीच निघाली.

हे स्पिन कुणाचे? २०१६ मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते हवेतल्या ऑक्सिजनवर. त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, म्हणून तो चुंबकीय, आणि थंड धातूवर तो चिकटून बसतो. नमुन्याची पेटी नीट निर्वात केली, अतिनील प्रकाश पाडला किंवा आत अमोनिया वायू सोडून पृष्ठभागावरच्या जागा आधीच भरून टाकल्या, तर चुंबकत्व दहापटीहून अधिक उतरले आणि खरखरीची शक्ती पाचपटीपर्यंत घटली. दहापट विरुद्ध पाचपट, म्हणजे आणखी कुणीतरी शिल्लक आहे. २०१७ मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडवर चिकटलेले हायड्रोजनचे अणूही सापडले.

आराखडा करणाऱ्याच्या हाती आणखी एक किल्ली आहे. खरखरीची शक्ती कड्याचा परिघ भागिले तारेची रुंदी अशी चालते. म्हणून कडे लहान ठेवावे आणि तार रुंद घ्यावी. मात्र रुंदी १० मायक्रोमीटरवर गेली की चिप थंड होताना काही दशक मायक्रोटेस्लाचे लंब क्षेत्रही तारेत भोवरे (चुंबकीय फ्लक्सचे बारीक धागे) अडकवते. मराठवाड्यात पृथ्वीचे एकूण क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या वर आहे. त्यामुळे खरखरीवर निरुपयोगी ठरलेले म्यू-मेटलचे कवच थंड करताना मात्र लागतेच. आणि नुसत्या निर्वाताने स्वच्छ केलेली पेटी पुन्हा हवेत उघडली, की ऑक्सिजन परत येऊन बसतो.