लोहिकार्मे म्हणजे सामन माशाचा साप? नाही हो!

फिनिश भाषेत ड्रॅगनला 'लोहिकार्मे' म्हणतात, आणि लोहि म्हणजे सामन मासा, कार्मे म्हणजे साप, म्हणून फिनलंडच्या लोकांना ड्रॅगन खवल्यांचा सामन-साप वाटला, अशी गोष्ट कित्येक वर्षं फिरतेय. ऐकायला गोड आहे पण खरी नाहीये.

या लोहिचा माशाशी मुळात संबंधच नाही! जुन्या स्वीडिशमध्ये 'फ्लोगद्राके' असा शब्द होता, म्हणजे उडणारा ड्रॅगन. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनकडेच होतं त्यामुळे असे शब्द ढिगाने आले. आता जुन्या फिनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालायचंच नाही, पहिला आवाज सरळ गळून जायचा, स्वीडिश 'ग्लास'चं झालं 'लासि', 'स्टूल'चं 'तुओलि', आपल्याकडे गावाकडे स्टेशनचं ठेसन होतं ना, अगदी तसंच. मग फ्लोगमधला फ गेला, शेवटच्या घोगऱ्या ग चा ह झाला, आणि तोंडात आधीच बसलेला माशाचा 'लोहि' तिथे आयता फिट्ट बसला. द्राकेचं मात्र सरळ भाषांतर केलं, साप.

म्हणजे अर्धा शब्द उसना आणि अर्धा भाषांतरित, आणि मला तर ही खरी गोष्ट त्या माशाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडते.